कारवानी कुत्रं कंपाउंडवरून जातंय? भिंत वाढवायच्या आधी हे बघा

कारवानी, पश्मी, मुधोळ अशा शिकारी जातीचं नाहीतर त्यातलंच एखादं मिक्स कुत्रं घरात आहे, अंगणाला चारी बाजूंनी कंपाउंड आहे, भिंत पाच फुटाची, गेटला कडी, आणि तरी दर थोड्या दिवसांनी कुणाचा तरी फोन येतो की तुमचं कुत्रं आमच्या शेळ्यांच्या मागं लागलंय. हा एकच प्रॉब्लेम इतके जण विचारतात की एकदाच सविस्तर लिहून टाकतो. आमच्या सांगोला-जत-आटपाडी पट्ट्यात वस्तीवर असलं कुत्रं पूर्वीपासून असायचंच, पण त्याला कंपाउंड घालायची भानगड नव्हती, माळ मोकळा होता आणि कुत्रं संध्याकाळी भाकरीच्या वेळेला घरी यायचं. आता प्लॉटिंग झालं, रत्नागिरी-नागपूर हायवेवर गाड्या शंभरनं पळतात, आणि तेच कुत्रं अर्ध्या गुंठ्याच्या अंगणात ठेवायचंय. खांद्यापाशी दोन-सव्वादोन फूट उंच, वजन वीस-पंचवीस किलो, मागचे पाय सगळे स्नायूच, आणि लांबचं हललेलं पटकन दिसणारे डोळे. त्याला पाच फूट म्हणजे अडथळा वाटतच नाही, हे आधी डोक्यात घ्या.

बहुतेक जण काय करतात, कुत्रं पहिल्यांदा गेलं की गवंड्याला बोलवून विटांचे दोन थर चढवतात. चार दिवस बरं वाटतं. परत गेलं की वरून तार ओढतात, परत गेलं की अजून एक तार, असं करत करत साडेसहा फुटापर्यंत पोचतात आणि मग म्हणतात ह्याला कुठलंच कंपाउंड पुरत नाही. अहो पुरणार कसं, उडीची तालीम तुम्हीच दिलीय. दरवेळी थोडं वाढलं, दरवेळी त्यानं जरा जास्त जोर लावला, दरवेळी जमलं. त्याच्या डोक्यात आता पक्कं बसलंय की जोर लावला की पलीकडं जाता येतं. हेच कुत्रं आधीपासून एकसलग सहा फुटाच्या जाळीच्या आत वाढलं असतं तर कदाचित त्यानं वर बघितलंही नसतं. त्यामुळं वाढवायची तर एकदाच वाढवा, आणि त्याच्याही आधी ते नेमकं कुठून, कसं आणि कशासाठी जातं ते शोधा, कारण बऱ्याच घरांत भानगड उंचीची नसतेच.

शोधायला दोन-तीन दिवस लागतील, काम करायला अजून काही दिवस. तोपर्यंत अंगणात एकटं सोडायचं नाही. सोडायचं तर तुम्ही समोर आणि लांब दोरी हातात. बाकी वेळ घरात, पडवीत, नाहीतर वर पत्रा असलेल्या शेडमध्ये. दर सुटकेला सवय घट्ट होत जाते, म्हणून मधल्या काळात "एक दिवस काय होतंय" असं करू नका.

आणि साखळीबद्दल आत्ताच सांगतो. पळतंय म्हणून भिंतीजवळच्या झाडाला किंवा खुंटीला बांधू नका. कुत्रं साखळीसकट उडी मारतं, भिंत ओलांडतं, पलीकडं जमिनीला पाय टेकायच्या आत साखळी संपते आणि गळफास बसतो. हे खरंच घडतं, आणि बहुतेक वेळा घरात कुणी नसतानाच. थोड्या वेळापुरतं बांधायचंच असेल तर साखळी कुठल्याही बाजूनं भिंतीपर्यंत पोचणार नाही अशा जागी बांधा, अंगणाच्या मधोमध. कायम बांधून ठेवणं हा तर उपायच नाही, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६०चा कायदा आहे त्यात कुत्रं सतत साखळीला ठेवून फिरवायचंच नाही हा गुन्हा धरलाय, आणि कायदा सोडा, बांधून ठेवलेलं कारवानी सुटलं की दुप्पट लांब जातं.

आता शोधायचं कसं. सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे राख. चुलीची नाहीतर बंबाची राख बारीक चाळून कंपाउंडच्या आतल्या कडेनं चार-पाच हात रुंद पट्टा मारा, राख नसेल तर बारीक माती चालेल, फक्त सारखी पसरा आणि वरून फार पाणी मारू नका. सकाळी ठसे बघा. कंपाउंडपासून चार-पाच फुटावर मागच्या दोन पायांचे खोल ठसे शेजारी शेजारी आणि पुढं काहीच नाही, म्हणजे तिथून सरळ उडी मारलीय. ठसे पार भिंतीच्या मुळाशी जाऊन तिथं राख विस्कटलीय, म्हणजे उडी नाही, चढतंय. ठसे एकाच जागी पुढं-मागं, गोल गोल, आणि नखांचे ओरखडे, म्हणजे उकरायला बघतंय. आणि पट्टा कुठंच मोडला नाही तरी कुत्रं बाहेर आहे, म्हणजे गेटातून गेलंय, आणि बऱ्याचदा उत्तर हेच निघतं!

भिंत पण बघा नीट. चुन्याची किंवा डिस्टेंपरची भिंत असेल तर साधारण तीन-साडेतीन फुटावर मातकट डाग दिसतात, पंजा टेकवून वर रेटा दिलाय त्याचे. जाळी असेल तर वरच्या तारेत केस अडकलेले सापडतात. एखादा जुना मोबाईल खिडकीत रेकॉर्डिंगला लावून दोन तास बाहेर जायचं नाटक करा, म्हणजे खरंच गाडी काढून जा, कारण तुम्ही घरात आहात तोवर हे गडी झोपल्याचं सोंग घेतात. वेळ पण लिहून ठेवा. रोज साधारण एकाच वेळेला जात असेल तर त्या वेळेला बाहेर काहीतरी जातंय.

जागा सापडली की त्या जागेपाशी स्वतः गुडघ्यावर बसून बघा, म्हणजे कुत्र्याच्या उंचीवरून. उभं राहून आपल्याला भिंत दिसते, खाली बसलं की पायऱ्या दिसतात. धुण्याचा दगड, पाण्याचा हौद, सिंटेक्सच्या टाकीखालचा कट्टा, रचून ठेवलेल्या विटा, गोवऱ्यांचा हुडवा, सरपण, भिंतीला टेकवून लावलेली मोटरसायकल, बोअरची पेटी. सहा फुटाच्या भिंतीला लागून अडीच फुटाचा हौद असला तर कुत्र्यासाठी ती भिंत साडेतीन फुटाचीच, एवढा साधा हिशोब आहे. कंपाउंडच्या आतल्या बाजूनं सहा फुटापर्यंत जमिनीवर काहीही उंच ठेवायचं नाही. हौद हलवता येत नाही हे मान्य, मग तेवढ्याच भागात हौदाच्या कडेवर जाळीची चौकट उभी करा, म्हणजे त्यावर चढताच येणार नाही. आडवी फांदी आणि तिरपं खोड पण सोडू नका, शेवग्याच्या वाकड्या खोडावरून कुत्रं पळत वर जाताना मी बघितलंय.

कोपरे मुद्दाम तपासा. कोपऱ्यात दोन भिंती मिळतात तिथं कुत्र्याला एकीवर पाय मारून दुसरीवर उसळता येतं. आणि जाळीच्या कंपाउंडला कोपऱ्यातल्या पोलला तिरका टेकू देतात ना, तो टेकू बरेच फॅब्रिकेटर आतल्या बाजूनं देतात. तो अँगल म्हणजे कुत्र्यासाठी तयार घसरगुंडी, फक्त उलट्या दिशेची. टेकू बाहेरून घ्यायला सांगा. झालेला असेल तर कोपऱ्याच्या डोक्यावर आडवी तिकोनी जाळी मारून टाका, छतासारखी, खर्च फार येत नाही.

पक्क्या भिंतीची अजून एक गंमत आहे. वर सहा-नऊ इंचाचा सपाट माथा असतो. कुत्रं एका दमात भिंत ओलांडत नाही, आधी माथ्यावर चढून उभं राहतं, पलीकडं बघतं, मग उतरतं. माथा नसता तर त्यातली बरीच कुत्री गेलीच नसती. म्हणून विटा वाढवण्यापेक्षा त्याच भिंतीच्या आतल्या कडेला लोखंडी अँगल बसवून त्यावर दोन फुटाची जाळी घ्या. माथा जाळीच्या पलीकडं गेला, उभं राहायला जागा राहिली नाही, आणि पैसे पण विटांपेक्षा कमीच लागतात. शोभेची सिमेंटची जाळी, म्हणजे भोकाभोकाची ती डिझाईनची, ती भिंतीच्या खालच्या भागात असेल तर आतून सपाट पत्रा नाहीतर सिमेंट शीट मारून बुजवा, त्या भोकांत पंजा मस्त बसतो.

नुसत्या जाळीचं कंपाउंड असेल तर चेनलिंकची, म्हणजे तारेच्या विणलेल्या जाळीची, दोन इंची भोकं चढायला सोपी पडतात. आमची कुत्री मांजरासारखी चढत नाहीत, पण उडी मारून मध्यावर एक पाय टेकवतात आणि तिथून वर जातात. वेल्डमेशची, म्हणजे तारा वेल्ड केलेल्या चौकोनी जाळीची, एक इंची नाहीतर त्याहून लहान भोकं असतील तर पंजा बसत नाही. आहे ती चेनलिंक काढून टाकायची गरज नाही, आतल्या बाजूनं दोन फूट ते पाच फूट एवढ्याच पट्ट्यात बारीक वेल्डमेश बाइंडिंग तारेनं बांधली तरी पाय टेकवायची जागा जाते. मधून आडवा पाईप किंवा पट्टी गेली असेल तर तीही बाहेरच्या बाजूला पाहिजे, आतली पट्टी म्हणजे शिडीची पायरी.

हे सगळं करूनही सरळ, स्वच्छ उडी मारून जाणारी असतात, कुठंही पाय न टेकता. त्यांच्यासाठी दोन गोष्टी चालतात. पहिली म्हणजे आतल्या बाजूला झुकवलेली जाळी. सहा फुटाच्या पोलच्या डोक्यावर दीड-दोन फुटाचा अँगल साधारण ४५ अंशात अंगणाकडं वाकवून वेल्ड करायचा आणि त्यावर जाळी ताणायची. कुत्रं उडीसाठी वर बघतं तेव्हा त्याला डोक्यावर जाळी दिसते, कडा दिसतच नाही, आणि जवळ जाऊन उडी मारली तर डोकं जाळीला लागतं, मागून मारली तर अंतर पुरत नाही. वेल्डरला हे काम सांगताना शेजारी उभे राहा, कारण त्याच्या हाताला फॅक्टरीच्या कंपाउंडची सवय असते, चोर आत येऊ नये म्हणून तो अँगल बाहेर वाकवतो आणि बाहेर वाकवलेला अँगल आपल्या काहीच कामाचा नाही.

दुसरी गोष्ट फिरता पाईप. पोलच्या डोक्यावर एक इंची जीआय पाईप नाहीतर जाड तार ताणून घ्यायची आणि त्यावर अडीच-तीन इंची पीव्हीसी पाईपचे चार-पाच फुटाचे तुकडे सैल ओवायचे. पुढचे पंजे वर टेकवून अंग ओढून घेणारं कुत्रं असेल तर पाईप फिरतो, पकड मिळत नाही, ते परत खाली आतच पडतं. शेतात पाईपलाईनचे उरलेले तुकडे पडलेले असतातच, तेवढ्यात काम होतं. उन्हानं पीव्हीसी कडक होऊन तडकतो, मग बदलायचा. पण हे लक्षात घ्या की पाईप फक्त पकडून चढणाऱ्याला अडवतो, वरून हवेत जाणाऱ्याला नाही. म्हणून तर राखेतले ठसे आधी वाचायचे.

स्वस्तातलं अजून एक, धाव मोडणं. उडीला दोन-चार ढांगांची धाव लागते. कंपाउंडपासून तीन-चार फूट आत मेंदी किंवा जास्वंदीची दाट ओळ लावली की धाव घ्यायला जागा राहत नाही आणि झाड नि भिंत यांच्या मधल्या बोळातून उभी उडी मारणं अवघड जातं. झाडं मोठी व्हायला वेळ लागतो, तोवर बांबूचा ताटवा उभा करा. फक्त कण्हेर लावू नका, कुंपणाला सगळीकडं लावतात पण ती कुत्र्याला विषारी आहे, पिल्लू चघळायला लागलं की संपलं. शेराचं कुंपण पण नको, चीक डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो.

खालून जाणाऱ्यांचं थोडक्यात. जाळीचाच दीड-दोन फुटाचा पट्टा खाली आतल्या बाजूला काटकोनात वाकवून जमिनीवर आडवा टाका, यू आकाराच्या सळईनं ठोका, वर मुरूम नाहीतर दगड. कुत्रं भिंतीच्या मुळाशीच उकरतं, चार पावलं मागं येऊन उकरायचं त्याला सुचत नाही, म्हणून हा पट्टा चालतो.

काळ्या रानात घर असेल तर एक जादाचं दुखणं असतं. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, आणि या हलण्यात पोल तिरके होतात, जाळी सैल पडते, खाली हातभर फट तयार होते जी मे महिन्यात नव्हती. पोल दोन-अडीच फूट खोल, शक्य तिथं मुरमापर्यंत, आणि खड्ड्यात काँक्रीट. आठ फुटाचा पोल घेतला तर दोन फूट जमिनीत जाऊन वर सहा उरतो, सहाचाच पोल आणून "सहा फुटी कंपाउंड" म्हणणारे कॉन्ट्रॅक्टर भेटतात, मोजून घ्या. दोन पोलमधलं अंतर आठ-दहा फुटाच्या वर नको. पहिला मोठा पाऊस झाला की सगळं कंपाउंड हातानं हलवत एक फेरी मारा, दिवाळीच्या सुमारास परत एक.

गेट. सहा फुटाची भिंत आणि चार फुटाचं गेट अशी घरं कितीतरी आहेत, विचारलं की म्हणतात गेटावरून नाही जात ते. आज नाही. गेटाच्या आडव्या पट्ट्या आतून पत्रा मारून झाका, खालची फट चार बोटांवर नको, बारीक छातीचं कुत्रं आहे, डोकं गेलं की धड जातंच. वरची कडी नाकानं उचलतात, तिला पिन नाहीतर कॅराबिनर (स्प्रिंगचा हूक) घाला. खरी गळती मात्र माणसांची असते, दूधवाला, गॅसची टाकी आणणारा, शाळेतून येणारी पोरं. माणसांना किती सांगणार, त्यापेक्षा गेटाच्या आत पाच-सहा फुटावर जाळीचं दुसरं छोटं गेट करा, एक उघडं तेव्हा दुसरं बंद. स्प्रिंग लावा म्हणजे आपोआप मिटेल.

काय करू नका तेही सांगतो, कारण हे आपल्याकडं सर्रास चालतं. भिंतीवर काचा आणि काटेरी तार लावू नका. ह्या जातीच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ असते, आणि ते थांबत नाही, तारेतून निघून जातं. पोटापासून मांडीपर्यंत फाटलेलं कुत्रं टाके घालायला आणतात तेव्हा भिंत मात्र ओलांडलेलीच असते, उपयोग काय झाला? झटका मशीन पण नको. रानडुकरासाठी शेताला लावतात ती चांगली आहे तिच्या जागी, पण ससा दिसल्यावर कारवानी झटका खाऊन बाहेर जातं, आणि मग परत येताना तोच झटका आठवून आत येत नाही. थेट लाईटचा करंट तारेत सोडणारे महाभाग आहेत, तो सरळ गुन्हा आहे, माणसं मेलीत त्यानं. गळ्यात करंटचा पट्टा घालून जमिनीखाली वायर टाकायची जी सिस्टिम मिळते तिचं पण तेच, शिकारीच्या नादात कुत्रं रेषा पार करतं आणि शिवाय बाहेरची कुत्री आत यायला मोकळी.

आता कशासाठी जातं ते. ही कुत्री वासावर कमी आणि नजरेवर जास्त चालतात, दख्खनच्या माळावर ससा दिसला की माणसाला न विचारता सुटायचं हेच त्यांच्याकडून पिढ्यान् पिढ्या करून घेतलंय. त्यामुळं बाहेरचं दिसणंच बंद केलं तर निम्मा जोर उतरतो. जाळीला खालून चार फुटापर्यंत हिरवी शेडनेट बांधा. पूर्ण उंचीला बांधू नका, वळवाच्या वाऱ्यात नेट शिडासारखी भरते आणि पोलच वाकतात. जिथून शेळ्या जातात, जिथं शेजाऱ्याच्या कोंबड्या चरतात त्या बाजूला आधी बांधा. आणि शेजाऱ्याशी बोलून घ्या राव, त्यांच्या कोंबड्या कधी सुटतात, कळप किती वाजता जातो, तेवढा अर्धा तास कुत्रं घरात घेतलं तर निम्मी भांडणं मिटतात.

नर असेल आणि एकदम पळायला लागला असेल तर आसपास कुठंतरी मादी हीटवर, म्हणजे माजावर आहे. साधारण तीन आठवडे हे चालतं, तेवढे दिवस कंपाउंडवर भरवसा ठेवू नका, पक्क्या छताखालीच ठेवा. तुमची मादी हीटवर असेल तर उलटं, बाहेरचे नर आत येतात, आणि सहा फुटावरून येतात. नसबंदीनं बऱ्याच नरांचं भटकणं कमी होतं, पण ससा बघून सुटायचं कमी होत नाही, आणि उडीची लागलेली सवयही जात नाही, म्हणून नसबंदी केली की कंपाउंडचं काम रद्द असं समजू नका.

दिवाळीतलं पळणं वेगळंच असतं. तेव्हा कुत्रं शिकारीला नाही, भीतीनं जातं, आणि भ्यालेलं कुत्रं एरवी कधी न मारलेली उडी मारतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत फिरवून आणा आणि आतल्या खोलीत ठेवा, पंखा, टीव्ही चालू. फारच घाबरणारं असेल तर डॉक्टरांना आठवडाभर आधी भेटा, मेडिकलमधून स्वतःच्या मनानं झोपेची गोळी आणून देऊ नका.

आणि व्यायाम. अंगण मोठं आहे म्हणजे व्यायाम होतो हा गैरसमज आहे, एकटं कुत्रं अंगणात पळत नाही, पडून राहतं आणि भिंतीकडं बघत राहतं. सकाळी ऊन व्हायच्या आत दोरीवर चांगलं लांब चालणं, आणि आठवड्यातून काही वेळा चारी बाजूंनी बंद अशा मोठ्या जागेत मोकळं पळू देणं, डाळिंबाच्या बागेला जाळी असते, ओळखीचा बागवाला असेल तर काम होतं, फवारणी कधी झाली तेवढं विचारून घ्या. ज्या सकाळी पोटभर पळतं त्या दिवशी राखेत ठसे नसतात, करून बघा. सशामागं सोडून व्यायाम द्यायचा हा जुना शौक मात्र बंद करा. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली ससा, चिंकारा, काळवीट सगळे येतात, कुत्रं सोडून मारणं ही शिकारच धरतात. नान्नज, रेहेकुरी, सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, या भागांच्या आसपास राहणाऱ्यांनी तर सुटलेल्या कुत्र्याबद्दल दुप्पट काळजी घ्यावी, तिथं तुमचं कुत्रं काळविटाच्या पाडसामागं लागलं तर प्रकरण शेजाऱ्याच्या कोंबडीएवढं लहान राहत नाही.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, राहुरी अशा ऊसपट्ट्यात राहत असाल तर कंपाउंडचा विचार बाहेरून आत असाही करा. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला होता, त्यात भक्ष्याच्या वजनात ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. सहा फुटाची जाळी बिबट्याला काहीच नाही. दिवसा कंपाउंड, रात्री चारी बाजूंनी आणि वरून बंद शेड, दुसरा मार्ग नाही. धनगर गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात त्यानं मान वाचते कधी कधी, पण राखणीच्या कुत्र्याचं ते, आपल्या हडकुळ्या कारवानीनं बिबट्याशी झटायचं नसतं.

एवढं करून कधीतरी जाईलच. त्याची तयारी आधी ठेवा. गळ्यात साधा सपाट पट्टा आणि त्यावर मोबाईल नंबर कोरलेला बिल्ला, शिवाय जमलं तर मायक्रोचिप. फिरवताना मार्टिंगेल पट्टा (ओढला की जरासा आवळणारा) लागतो कारण ह्यांचं डोकं मानेपेक्षा बारीक, साधा पट्टा मागं ओढला की निघतो, पण तो मार्टिंगेल अंगणात एकटं असताना काढून ठेवा, जाळीत अडकला तर आवळत जातो.

सुटलं की मागं पळू नका, मोटरसायकलनं पाठलाग तर अजिबात नको, त्याला वाटतं खेळ चाललाय किंवा हाकलतायत, आणि ते हायवेकडं जातं. त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहा, खाली बसा, डबा वाजवा, उलट्या दिशेनं घराकडं चालायला लागा. गेट उघडं ठेवून आत त्याचं पांघरूण आणि मटणाचं हाड ठेवा. बरीचशी जिथून गेली तिथूनच परत यायला बघतात आणि बाहेरून उडी जमत नाही म्हणून भिंतीपाशी फिरत राहतात, तिकडं आधी जा. तिथं नसेल तर कठडा नसलेल्या विहिरी बघत जा, वेगात असताना ह्यांना विहीर दिसत नाही. उसाच्या आणि भुईमुगाच्या रानात डुकरासाठी टाकलेले गावठी बॉम्ब आणि विष घातलेलं खाणं हाही धोका आहे, आसपासच्या शेतकऱ्यांना लगेच फोन लावा, लाजू नका.

आलं की मारायचं नाही, ओरडायचं पण नाही. मार खाल्ला तर त्याला "पळालो म्हणून मार" असं कळत नाही, "घरी आलो म्हणून मार" एवढंच कळतं, आणि पुढच्या वेळी ते बाहेरच थांबतं. आत घ्या, गेट लावा, पाणी थोडं थोडं द्या, मग पंजे, पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू हातानं चाचपून बघा, बाभळीचा काटा, तारेची चीर, गोचीड. चावल्याची खूण दिसली तर रेबीजची लस दिलेली असली तरी हातात मोजे घालून जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या, लसीचे जादा डोस लागतात का ते तेच ठरवतील.